बांधापलीकडची पोरं

आये, शाळेतल्या पालकसभेत बाई म्हणाल्या, घरी मुलांवर संस्कार करा. सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. तू हा शब्द कधी वापरल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो वादळाचा दिवस. काजूच्या बागेतल्या बांधावरून शेजारच्या काकीशी आपलं बोलणं बंद होतं, वेंगुर्ल्याच्या कोर्टात दावा चालू होता. दुपारी तिच्या घरावर माड पडला. ती दोन्ही पोरांना घेऊन आपल्या पडवीच्या कडेला उभी राहिली, पण वर चढेना. तू चुलीपुढून उठलीस आणि म्हणालीस, "भितर येवा. पोरां भिजतत." मग माझा चतुर्थीचा फ्रॉक काढून तिच्या मुलीला दिलास. मी ओरडले, "तो माझो नवो आसा!" तू मागे वळूनही न बघता म्हणालीस, "दुसऱ्याक देताना जुना शोधू नको."

तिच्या घरावर कौलं घालून होईपर्यंत ती आपल्याकडेच राहिली, जेवली. संध्याकाळी बाबांचे भाऊ, आपले काका, येऊन तुझ्यावर उखडले. "वयनी, ह्या काय केलास? आता आपली बाजू लंगडी पडतली." तू पेज वाढत होतीस. "बांधाचा भांडान बांधावर. पोरांनी कित्याक भिजाचा?" आणि पुढच्या तारखेला तू कोर्टात उभी राहून बांध आपलाच असल्याचं ठामपणे सांगितलंस. काकीने ते मनाला लावून घेतलं. काकांनी तिला घरात घेतल्याचं लावून घेतलं. त्या वर्षी हळदीकुंकवाला आपल्याकडे फार कमी बायका आल्या. तू उरलेलं वाण कपाटात ठेवलंस.

माझी मुलगी आठवीत आहे, इथे कणकवलीला. वर्गातल्या एका मुलीने तिचं चित्र स्वतःचं म्हणून स्पर्धेत दिलं. हिने बाईंसमोर ते सरळ सांगितलं, त्या मुलीचं बक्षीस गेलं. आठवड्याने तीच मुलगी मैदानावर पडली, पाय मोडला. तिच्या मैत्रिणी बघत राहिल्या. ही तिच्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेली, तिचे वडील येईपर्यंत थांबली. मी विचारलं, "मग झाली का गट्टी?" ती बूट काढत म्हणाली, "नाही गो आई. चित्र माझंच होतं." आता त्या मुलीच्या मैत्रिणी हिच्याशी बोलत नाहीत, आणि हिच्या मैत्रिणी म्हणतात, तू कशाला गेलीस? डबा ती एकटीच खाते. विचारलं तर म्हणते, चालतं.

ही गोष्ट ऐकून शेजारीण म्हणाली, छान वळण लावलंयस. मी हसले. तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: चांगलं वाग, असं मी तिला लहानपणापासून सांगत आले, आणि ती तशी वागली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तिला जवळ घेऊन शाबास म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे."