तेब्याचा डुगडुगता खांब

बाबा,

कसे आहात? खोकला थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत? मोठ्या काकूला आता नीट दिसतं का? तिकडे तरी दुखणी नसावीत. इकडे आम्ही सगळे ठीक. माझा हात तेवढा थरथरतो.

प्रार्थनाघरात मधोमध तुम्ही बांधलेला तेबा अजून उभा आहे. तोरा, आपला हिब्रू धर्मग्रंथ, वाचायला चढतात तो सागवानी ओटा, कठड्यासकट. त्याचा दाराकडचा खांबही तसाच डुगडुगतो. तो पहिल्यांदा सुटला ती सकाळ मला अजून दिसते. वर प्रार्थना चालवणारा हझान वाचतोय, कठडा हलतोय, मागून कोणीतरी कुजबुजतं, "खिळा ठोका ना गा!" तुम्ही रेल्वेच्या कारखान्यातले सुतार. उठता आणि खांब मुठीत धरून उभे राहता. "आज शनवार, शब्बाथ आहे गा, काम चालत नाही. हातानंच धरतो." वाचन संपेस्तोवर धरलात. पुढच्या शनिवारी धरलात, त्याच्या पुढच्याही. मधले रविवार येऊन जायचे. आई पोळ्या लाटता लाटता टोमणा मारायची, "साऱ्या मोहल्ल्याच्या खाटा ठोकून देता, अन् देवाच्या घरचा खांब काहून नाही ठोकत?" तुम्ही म्हणायचात, "ठोकतो ना. पळून जाते का तो?"

मला तेव्हा तो आळस वाटायचा. तुम्हाला हिब्रू अक्षर येत नव्हतं, वर बोलावलं की मान हलवून मागे सरायचात, हेही मला माहीत होतं. पण त्या दोन गोष्टींची गाठ बांधायला मला म्हातारं व्हावं लागलं. खांब धरला की त्या अक्षरांच्या किती जवळ उभं राहता येतं!

तुमच्यानंतर मी धरत आलो. मराठी, हिंदी, थोडं इंग्रजी मी आपलं आपण शिकलो, पण त्या अक्षरांपुढे माझंही डोकं चाललं नाही. आता तुमचा नातू वाचतो. आवाज थेट तुमचा. परवा मला म्हणाला, "बाबा, हात कापून राहिला तुमचा. पडाल एखाद्या दिवशी. मिस्तरीले बोलावलं मी, खांब पक्का करून देते तो."

मिस्तरी आला, पिशवी उघडून बसला. मी त्याला चहा पाजला, तेबा कोणी बांधला ते सांगितलं आणि परत धाडला. पोरगा समजतो, मिस्तरी आलाच नाही.

या शनिवारी पुन्हा धरीन. पण खरं सांगू, आता खांब हलतो की मी, ते कळत नाही. ठोकू देऊ का, बाबा? तुमचा पत्ता नाही माझ्याजवळ, तरी लवकर कळवा.