वाळूवरची साय

चैत्र शु. ६, फसली १३३७
बीडहून बैलांच्या दमणीनं आलो. वाटेत कपिलधारला दर्शन घेतलं, धारेखाली मनसोक्त भिजलो, ओल्या धोतरानंच पुढं निघालो. गाव आवडलं. नदीकाठी गाळणीचा हौद बांधून तयार आहे. चुन्याचं काम इतकं सुरेख की हात फिरवत राहावं. आता वाळू भरायची, नळ जोडायचे आणि साऱ्या कसब्याला स्वच्छ पाणी पाजायचं. ओव्हरसियर म्हणून हे माझं पहिलंच स्वतंत्र काम. भिवराबाईंच्या ओसरीवर उतरलोय. जेवणही त्यांच्याकडंच. घरात त्या, त्यांची सून शिवकन्या आणि तिची तान्ही लेक. मुलगा जालन्याला गिरणीत असतो.

चैत्र व. ४
खाली खडी, वर जाड रेती, सर्वांत वर बारीक वाळू. आज हौदात पाणी सोडलं. जेवताना भिवराबाईंना समजावलं की नुसती वाळू पाणी शुद्ध करत नाही. महिनाभर पाणी वाहतं ठेवलं की वाळूवर शेवाळासारखी पातळ साय धरते, ती रोग अडवते. तोवरचं पाणी नदीत सोडून द्यायचं. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "पानी म्हंजी दूध हाय का आप्पा, साय धराया?" शिवकन्या मात्र हसली नाही. महिना कधी भरतो, ते तिनं बोटांवर मोजून घेतलं.

चैत्र व. ९
तहसीलदारसाहेबांनी बोलावलं होतं. सुभेदारसाहेबांचा दौरा वैशाख शुद्ध द्वितीयेला ठरलाय. त्यांच्या हस्ते नळ सुरू व्हायचे. लोकांनी नळच वापरावेत म्हणून जुन्या बारवेच्या पायऱ्यांवरच्या दाराला कुलूप लागणार. साय धरायला अजून तीन आठवडे हवेत, हे वाक्य मी वाटेत पाठ केलं होतं. तोंडातून निघालं फक्त, "जी हुजूर."

वैशाख शु. २
सनई, अत्तर, फेटे. मला शाल मिळाली. पहिली घागर शिवकन्येची. नळाखाली घागर धरून तिनं हळूच विचारलं, "साय धरली का, आप्पा?"
मी म्हणालो, धरली. निर्धास्त प्या.
तिच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, शेजारी एक चुकलेला ठिपका. घागर उचलताना तेवढंच दिसलं. तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.

वैशाख शु. ६
पटकी. नदीच्या वरच्या अंगाच्या वस्तीत ती आधीच होती, हे आज कळलं. त्यांची धुणी आपल्याच नदीत. सकाळी शिवकन्येला जुलाब लागले, तिन्हीसांजेला ती गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती. मीच पाजलं. नळाचं.

वैशाख शु. १०
अकरा माणसं. दुरुस्ती असल्याचं सांगून नळ बंद केले. लोक कोसभरावरच्या मळ्यातून पाणी आणतात. बारवेला अजून कुलूपच. कचेरीला अहवाल हवा होता. मी लिहिलं: बायकांच्या अस्वच्छ घागरींमुळे रोग पसरला.
लिहीत होतो तेव्हा भिवराबाई अंगणात सुनेची घागर राखेनं घासत होत्या. घागरीत तोंड दिसत होतं.

वैशाख शु. १२
अहवाल पसंत पडला. सोमवारी नळ पुन्हा सुरू करा, असा हुकूम आहे. दुपारी राखणदार धोंडीराम बोलवायला आला. हौद उपसल्यावर साय दिसली. आता धरली. पण साय हिरवट असते, बुळबुळीत असते. ही गव्हाळ आहे. भर उन्हातही वाळत नाही.
नळाच्या तोंडाशी, सायीत, तुळशीवृंदावन. शेजारी एक ठिपका.
मी धोंडीरामला म्हणालो, शेवाळ आहे. तो म्हणाला, "आमी खरडायचो न्हाई साहेब. ह्येच्यावर लव हाय." फावडं तिथंच टाकून चकलांब्याला आपल्या गावी निघून गेला.

वैशाख शु. १३
मीच खरडली. कातडं सोलल्यासारखी निघते. नखांत अडकलेली धुतली तरी निघत नाही. नदीत टाकली.

वैशाख शु. १४
पुन्हा धरली. एका रात्रीत. अकरा तुकडे, कडेला कड जुळलेली. मोजले, दोनदा. मधे मात्र कोरी वाळू — लांबट जागा. टेप लावला. पाच फूट सात इंच.
तेवढीच माझी उंची.

पौर्णिमा
खरा अहवाल लिहिला. दोष माझा, घागरींचा नाही. कचेरीत दिला. बारवेचं कुलूप दगडानं फोडलं. मग भिवराबाईंपुढं बसून सगळं सांगितलं. नात त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी तिचं अंगडं सारखं केलं.
मग एवढंच — "कावून खोटं बोल्लासा? ती थांबली असती. महिना मोजत व्हती ती."
त्यांनी मला जेवायला वाढलं. वाढलं, हे सहन झालं नाही.

वैशाख व. १, दुपार
उद्या सोमवार. खरा अहवाल तहसीलदारांनी फाडला. नळ सुरू होणारच. मधली वाळू उघडी आहे — तिथून पाणी तसंच खाली जाईल, घरोघर जाईल. नळाची चावी मोडायला आलो होतो.
चावी हौदात, पलीकडच्या भिंतीला. उतरलो. उघड्या वाळूवरूनच चाललो, त्यांच्यावर पाय नको म्हणून.
चावी मोडली. आता फिरणार नाही, नळ बंदच राहतील. बरं वाटलं. खूप दिवसांनी.
तोल गेला — उजवा हात वाळूवर टेकला —
उचलत नाही. वही खिशात होती, डाव्या हातानं लिहितोय. दुखत नाही. कोमट आहे. मनगटापर्यंत आली. हाका मारल्या, बारवेवर बायका आहेत, पण मी ओरडलो की सायीतून अकरा आवाज —
कोपर. माझं कातडं कुठं संपतं आणि ही कुठं सुरू