दुसऱ्या कडव्याला येणारा उजेड

१४ नोव्हेंबर, सकाळ

चि. पिटुकलीस,

आजोबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गॅलरीत तू लावलेल्या मिरचीला फूल आलंय. मोठ्या दुर्बिणीवर तुझा नंबर लागला, हे मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतो. इतकी वाट पाहिलीस, आता जागची हलू नकोस.

तुझे ते तपकिरी बटू माझ्या मनात घर करून बसलेत. तारा व्हायला निघाले आणि वजन कमी पडलं म्हणून पेटायचे राहिले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर अशी पोरं पुष्कळ असायची, आणि कविता सर्वांत गोड तीच म्हणायची. तू बघतेस त्याचं वीस-तीस लाख वर्षांचं वय म्हणजे तुझ्या हिशेबात अजून पाळण्यातलंच पोर. ते स्वतःभोवती गरगर फिरतं, अंगावर ढगांची नि डागांची ठिगळं, म्हणून उजेड कमीजास्त होतो.

गेल्या रविवारी फोनवर मी विचारलं होतं, आठवतं? उजेड कमी झाला तर तो ढगच, विझणं नव्हे, हे कशावरून? तू हसून म्हणालीस, "आजोबा, फेरी पुरी झाली की तो ठरल्या वेळी परत येतो. नाही आला, तर मग आम्ही घाबरतो."

मी ताऱ्याबद्दल विचारत नव्हतो.

मागच्या महिन्यात दाढी करताना डाव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला. दुखलं-खुपलं काही नाही. घाबरून मी पाचवीच्या पुस्तकातली ती नदीची कविता म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्याला उजेड परत. पुढच्या वेळीही दुसऱ्यालाच. तुझं बोलणं ऐकल्यावर तर मी निर्धास्त झालो. म्हटलं, ढग आहे, फिरून जातो. परवा मात्र चौथं कडवं लागलं. तरी कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर तू दुर्बीण सोडून धावत आली असतीस.

आज काच बदलायला चष्मेवाल्यांकडे आलो. सहज सांगितलं, तर त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "मास्तर, डोळा म्हणजे तारा नव्हे. रक्ताची गुठळी असेल तर डोळा जाईल, नाहीतर अर्धांगाचा झटका येईल. चष्म्याचं राहू द्या, दवाखान्यात चला." एरवी हा गृहस्थ दोन चष्मे गळ्यात मारल्याशिवाय सोडत नाही, म्हणून जास्तच धसका घेतला. ते गाडी आणायला गेलेत. त्यांच्याच काउंटरवर बसून हे लिहितोय. आले की फोनवरून याचा फोटो तुला पाठवतील. मी बोललो असतो, पण आवाज कापरा झाला असता, आणि तो तू ऐकावास असं वाटत नाही.

वर 'सर्व ठीक' लिहिलंय ते हाताच्या सवयीने. ते असू दे. 'जागची हलू नकोस' तेवढं वाचू नकोस.

हे लिहिता लिहिता पडदा पुन्हा उतरलाय. ओठांत कविता चालू आहे. दुसरं कडवं गेलं. चौथं गेलं. शेवटची ओळसुद्धा झाली, पिटुकले, आणि उजेड आला नाही.

तुझा तारा लाखो वर्षं पाळण्यातच राहणार आहे. मला भीती वाटते गं. ये.

पुन्हा पहिल्या कडव्यापासून म्हणत बसलेले,
तुझे आजोबा