साडेचार तासांचं लंडन

रवि. १ डिसें. ७४
पाहुण्यांचा चहा-पोहा, संत्रा बर्फी: एकोणीस रुपये. खरा खर्च वेगळाच. मुलाच्या काकाचं लंडन अडीच तास ऐकलं.
सुलूला बघायला आले होते. मुलगा वसंत, ओव्हरसियर. बोलला कमी, पोह्यातले दाणे वेचून बशीच्या कडेला ठेवत होता. बाप गुलाबराव, रामटेककडे धानाची शेती, सरळ माणूस. बैठक सगळी काका प्रभाकररावांच्या ताब्यात. मुंबईला असतात. लंडन तीनदा केलं म्हणे. "साडेचार हजार मैल, साडेचार तास. तासाला हजार मैल! तुमचा ट्रक तेवढ्यात जबलपूरही गाठत नाही, विठ्ठलराव."
हुंडा नको. फक्त वसंतचं लंडनचं तिकीट आम्ही काढायचं. तिथली नोकरी काका लावून देणार. सौ. तेवढ्यावरच पाघळली.

सोम. २
येताना किती लागतात, हेही काल विचारलं होतं. "चौदा तास. वारा समोरून असतो ना."
क्लीनर होतो तेव्हापासून ट्रकची लाइन बघतोय. जाताना साडेचार नि येताना चौदा असं माझा ड्रायव्हर म्हणाला, तर मी विचारीन, कोणत्या ढाब्यावर लोळून राहिला होता गा?
सुलूला विचारलं. बी.एस्सी.चा काहीतरी उपयोग. "बाबा, तिथलं घड्याळ साडेपाच तास मागं असते. इथून सातले निघालं नि साडेअकराले उतरलं, तर ते साडेअकरा तिथले. जायले दहा तास, यायले साडेआठ."
म्हणजे काकानं कुठलंसं छापील टाइमटेबल पाहून वजाबाकी केली. दहा तास बसून गेला असता, तर डोक्याला नाही तरी बुडाला समजलं असतं.

शुक्र. ६
सौ.ला म्हटलं, मोडतो. सुलू दारातच होती. "फेकाफेकी काकांनी केली. वसंतरावांनी लंडनचं नाव तरी घेतलं काय?"
घ्या. आत्तापासूनच वसंतराव.
पण खरं आहे. नाही घेतलं.

रवि. ८
प्र.राव पुन्हा हजर, तिकिटाचं पक्कं करायला. वसंतही होता. मी एकदम गोड: "विमानात जेवण कितीदा देते जी?"
"साडेचार तासांत कितीदा देणार? एक नाश्ता."
वसंतनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बशीत. हसला असावा. कळवतो म्हटलं.

बुध. ११
गुलाबराव एकटेच आले. घरचा तांदूळ आणला. तिकिटाचं काढलंच नाही. "पोरीचं काय ठरवलं जी?" हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडेना. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.
चपला घालता घालता म्हणाले, "कचेरीत तुमची ओळख असते, म्हणून विचारतो. पासपोर्ट कसा काढते?"
"वसंतले पाहिजे?"
"नाही, प्रभाकरले. त्याचा अजून काढाचाच आहे."