समुद्रावर ठेवलेली वीत

नाना, काल मी मुंबईहून भावनगरला विमानाने आले. हातातला चहा संपायच्या आत खालचा समुद्र संपला आणि माझं गाव आलं. तुम्ही म्हणाला होतात तेवढाच वेळ लागला. तेव्हापासून तुमच्यावर रागवावं की तुमची माफी मागावी, तेच मला कळेनासं झालं आहे.

तिकडे उत्तरेत, लश्कर शहरात पाटणकर बाजारामागे आपलं भाड्याचं घर, आणि तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात. नकाशावरचं अंतर दोऱ्यानेच मोजायचं, रूळ वळतील तसा दोरा वळवायचा, हा तुमचा दंडक. कुणी नुसती वीत टेकवली की तुम्ही खेकसायचात, "तुला काय पंख फुटलेत, सरळ उडत जायला?" मग एका वर्षी शहराबाहेरच्या तलावावर पाण्यात उतरणारं विमान येऊ लागलं. तुम्ही टांगा करून मला दाखवायला नेलंत. परतताना फूलबागेपाशी एकदम म्हणालात, "बेटा, आता दोऱ्याचं काम संपलं."

त्याच हिवाळ्यात भावनगरचं स्थळ आलं. माझी अट एकच होती. आईमागे ज्या ताईने मला वाढवलं, ती लग्न होऊन मुंबईला गेली होती. मला तिच्याजवळचं घर हवं होतं. तुम्ही नकाशा पसरलात आणि मुंबईपासून समुद्रावरून वीत टाकलीत. ती पुरती उघडावीसुद्धा लागली नाही. "बघ, इतकंसंच तर आहे. हवाई जहाजाने तासभरपण नाही लागत." ताईलाही तुम्ही तसंच कळवलंत. मी हो म्हटलं.

इथे आल्यावर समजलं, विमान असतं खरं, पण आमच्यासारख्यांनी ते अंगणातून बघायचं. आगगाडी अख्ख्या आखाताला वळसा घालून जाते. ताईच्या बाळंतपणात तार आली तेव्हा आम्ही होतो तसे निघालो. विरमगामला गाडी बदलायची होती, ती चुकली. पोहोचलो तोवर ताईला स्मशानात नेलं होतं. शेजारीण मला म्हणाली, "सारखी दाराकडे बघत होती हो. म्हणायची, आत्ता येईल, तासाभराचं तर अंतर आहे."

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आले. भूगोलाचा मास्तर चुकला, की मुलगी उजवायची म्हणून बाप खोटं बोलला? काल खिडकीतून खाली बघताना वाटलं, दोन्ही नाही. तुम्ही चुकला नव्हतात, खोटंही बोलला नव्हतात. आम्हा सगळ्यांच्या आधी विमानात जाऊन बसला होतात, एवढंच. मग ताई दाराकडे बघत राहिली, ते कुणामुळे? ह्या रागाचं आता करू तरी काय, नाना? तो आहे तिथेच आहे, आणि तुमची आठवणही तितकीच येते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुमच्या नकाशाच्या घडीत ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दोरा नकाशाच्या कडेलाच पडला होता. तुमच्याच हाताखाली शिकलेली मी, सहज मोजून बघू शकले असते. पण तुमची ती अर्धीमुर्धी वीत बघून मला इतका आनंद झाला होता, की तो दोरा मीच गुंडाळून डब्यात ठेवला.