तांदळाच्या डब्यातली चलनं

आई, परवा बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं सांगून आलो. दर नोव्हेंबरात सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. पूर्वी सही चालायची, हल्ली काचेवर बोट ठेवायचं. माझं बोट त्या मशीनला दिसेचना. जन्मभर पंपाच्या ग्रीसमध्ये घासून रेषा राहिल्यात कुठे? म्हटलं, आता आपण मेलोच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घाबरू नका आजोबा, दुसरं बोट ठेवा. बरं, आता अंगठा." अंगठा लागला. "आहात तुम्ही!" म्हणून ती हसली. मीही हसलो, पण चारकोपला येईपर्यंत तुझा अंगठा डोळ्यांसमोर होता, जांभळ्या शाईचा. बायको गेली, मुली आपापल्या घरी. खोलीत दिवसभर बोलायला कोणी नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून.

ब्याऐंशी साली आमच्या सरकारी पाणीखात्याने मला चार वर्षांसाठी मस्कतला पंप चालवायला पाठवलं. इथली नोकरी शाबूत राहणार होती, पण ती चार वर्षं पेन्शनला धरायची तर दर महिन्याला वर्गणी इथे सरकारात भरत राहायची होती. भरली नाही तर तेवढी वर्षं पुसली जाणार. मी सातवी शिकलेला माणूस, त्यात स्वभाव हा असा. दहिसरच्या आपल्या खोलीत आठवडाभर बसून कार्बन घालून बँकेत पैसे भरायची चलनं लिहिली, तीन-तीन प्रतींची. तुझ्यासाठी फक्त अंगठ्याची जागा सोडली. बायको मुलींना घेऊन गावी होती, धाकट्या भावावर माझा भरवसा नव्हता. राहिलीस तू. तुला बोरीवलीच्या बँकेत नेऊन खिडकी दाखवली. म्हटलं, एक प्रत ते ठेवतात, दोन प्रती शिक्का मारून परत देतात, त्या आमच्या ऑफिसात नेऊन दाखवायच्या. तू विचारलंस, "शिक्को गोल काय चौकोनी, ता सांग." मी चिडलो. पण गोल आहे हे बघून आलो आणि तुला सांगितलं.

तिकडे आम्ही आठजण एका पत्र्याच्या खोलीत. बाहेर नुसती वाळू आणि पंपाचा आवाज. इतर लोक घरी पत्रं लिहीत, त्यात मुलांना पापे, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी. मी लिहायचो, चलन भरलं का? शिक्का नीट उठला का? शेजारच्या काकी तुला पत्र वाचून दाखवायच्या आणि तुझं उत्तर लिहून पाठवायच्या. उत्तर नेहमी एकच, भरलंय. परत आलो तेव्हा चाळीच्या दारातच काकींनी मला धरलं. "काय रे, चार वर्षांत एकदा तरी विचारायचंस, आई जेवलीस का म्हणून! चलन, चलन, चलन. मला वाचायची लाज वाटायची." तू मागून म्हणालीस, "गप ऱ्हव गे. तेका काळजी असता."

हजर व्हायला ऑफिसात गेलो तर हेडक्लार्कनी फाईल उघडून दाखवली. चार वर्षांतली एकही प्रत तिच्यात नव्हती. "वर्गणी आलेली दिसत नाही. ही वर्षं धरता येणार नाहीत." घरी कसा आलो आठवत नाही. तू कुळीथ निवडत होतीस. मी चपला न काढता विचारलं, "भरलीस की नाही?"

"भरलंय."

"मग गेली कुठे? धाकट्याला दिलेस ना पैसे? खरं सांग."

तू सूप बाजूला ठेवलंस, उठलीस आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलास. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली सगळी चलनं. प्रत्येक महिन्याच्या दोन्ही प्रती, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर गोल शिक्का. प्रत्येकीवर तुझा अंगठा. तू पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिलीस. मी ओरडलो, "अडाणी ती अडाणीच! यातली एक ऑफिसला द्यायची असते. माझी चार वर्षं तांदळात पुरलीस!" काकी दारात उभ्या होत्या. साऱ्या चाळीला तोंडावर उत्तर देणारी तू, त्या दिवशी खाली बसलीस आणि जमिनीवर सांडलेले तांदूळ एकेक वेचायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी प्रती घेऊन गेलो. टपाल घेणाऱ्या कारकुनाने गठ्ठा सोडला, आतून वाळलेला पाला पडला. तो हसायलाच लागला. "अहो, तुमच्या मातोश्री दर महिन्याला यायच्या. मी म्हणायचो, आजी, यातली एक आमची. तर गठ्ठा छातीशी धरायच्या. 'माझ्या झिलान सांगल्यान हा, कोणाक दिव नको म्हणान. तू बघ आणि परत दी.' मी एकदा वैतागून म्हटलं, मग घाला त्याचं लोणचं! तर म्हणतात कशा, 'लोणच्याक तेल लागता. तांदळात बरा.'"

वर्षं धरली गेली. आज जेवतो त्या पेन्शनमध्ये ती चार वर्षं आहेत. तू पुढच्याच मार्गशीर्षात गेलीस. तांदळाची गोष्ट मी नंतर लग्नाकार्यांत कितीदा सांगितली, लोक पोट धरून हसायचे. मुलींना वाटतं, आजी भोळी होती.

आई, तुला बँक दाखवून परत येताना बोरीवलीच्या बसस्टॉपवर मीच म्हणालो होतो. "कागद जीव गेला तरी कोणाच्या हातात देऊ नकोस. ही माणसं हरवतात." हे मला त्या कारकुनामुळे आठवलं असं मी बायकोला सांगितलं होतं. ते खोटं. तू डब्यातून पिशवी काढून माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हाच आठवलं होतं. तू थांबली होतीस, मी काय बोलतो ते ऐकायला. आठवल्यानंतर मी तुला अडाणी म्हणालो.

हा कागद घडी करून डब्यात ठेवतो आहे. डबा तोच आहे, तांदूळ एका माणसापुरते. मोठी मुलगी रविवारी येणार आहे. तिला खरं सांगावं असं दरवेळी ठरवतो. मग ती म्हणते, बाबा, आजीची ती गोष्ट सांगा ना, आणि मी तीच जुनी सांगतो.