इलियासच्या रांगेत उभं राहण्याची अट

मी, गुणाजी काशीराम परुळेकर, वय बहात्तर, धंदा सहली नेण्याचा, राहणार बोरिवली पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान तर अजून इतके तिखट आहेत की बाहेरच्या खोलीत माझा मुलगा सुबोध "पप्पांनी आता काय नवीन काढलंय?" असं कुजबुजला, तेही ऐकलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहती जागा आणि बँकेतल्या ठेवी पत्नी सौ. सुगंधा हिच्या. तिच्या पश्चात मुलगा सुबोध आणि मुलगी क्षमा यांना समसमान. सुगंधा माझ्या एकाही सहलीला आली नाही. म्हणायची, "तुमचे विनोद घरी ऐकते तेवढे पुरे."

२. गावच्या घरातला माझा हिस्सा भाऊ सीताराम याला. तो त्याने कधीच घेतला आहे, मी फक्त कागदावर देतो. मला न विचारता फणस तोडला, ते मात्र मी विसरलेलो नाही.

३. आता कंपनी. बसचा क्लीनर होतो, तिथपासून उभी केली. गोराईच्या ख्रिस्ती मंडळींना बेथलेहेम दाखवून आणणारा बोरिवलीचा हिंदू, ही माझी ओळख. आमच्या बसमध्ये एक रिवाज मीच पाडला. जो उशिरा येईल त्याने पुढे उभं राहून कान धरायचे आणि गाणं म्हणायचं. या गमतीपायी लोक दुसऱ्यांदा नाव नोंदवायचे.

बेथलेहेमला आमचा गाइड इलियास, तिथलाच पॅलेस्टिनी. त्यांच्यात थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात, म्हणून मी 'अबू सुबोध'. त्याचं गाव तिथून बोरिवली ते अंधेरी एवढंही लांब नाही, पण मध्ये इस्रायली लष्कराची चौकी. सकाळी घरातून निघालेला माणूस कामावर कधी पोचेल, हे त्या चौकीच्या मर्जीवर. इलियास सारखा फोनवर कोणाला तरी रस्ता विचारायचा. ऐकून ऐकून दोन शब्द मीही उचलले. 'सालिक' म्हणजे मोकळा, 'मुसक्कर' म्हणजे बंद.

आमची बस मात्र परदेशी पासपोर्ट बघून सैनिक हात हलवून सोडून द्यायचे. उजव्या खिडकीतून जाळीच्या आतली रांग दिसायची, डबे घेतलेले गवंडी, दप्तरं लावलेली पोरं. मी माइकवर सांगायचो, "मंडळी, उजवीकडे बघण्यासारखं काही नाही, डावीकडे बघा."

२०१९ साली एकदा इलियास फार उशिरा आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी म्हटलं, "चल रे बाबा, नियम म्हणजे नियम!" त्याने कान धरले आणि त्यांच्याकडचं लग्नातलं गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. सुबोधने व्हिडिओ काढला आणि कंपनीच्या जाहिरातीत लावला.

युद्ध सुरू झालं आणि तिकडच्या सहली थांबल्या. गेल्या महिन्यात इलियासला फोन केला, मृत्युपत्रात तुझ्यासाठी काही ठेवतो म्हणून. नको म्हणाला. परदेशातून काही आलं तर चौकीवर चौकशी त्याचीच होणार. मग मी पहिल्यांदाच विचारलं, त्या दिवशी उशीर का झाला होता?

तो हसला. "अबू सुबोध, गेट बंद होतं. उघडल्यावर सैनिकाने मला बाजूला घेतलं. शर्ट काढायला लावला, गोल फिरायला लावलं. रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या, मला लाज वाटू नये म्हणून. तुमच्या बसमध्ये टाळ्या वाजल्या."

तेव्हापासून आरशासमोर दाढी करताना मान वर होत नाही.

सुबोधला व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. म्हणाला, "पप्पा, तुम्ही पण ना! बुकिंग त्याच्यावरच येतं. आणि तो हसतोय ना त्यात?" शेवटी क्षमाने काढला. लोकांच्या फोनांत गेला, तो कसा काढणार?

४. सबब, कंपनी तूर्त क्षमाने चालवावी. सुबोधच्या नावावर ती होण्याला एक अट आहे. रस्ते उघडल्यावर त्याने सहल न घेता एकट्याने जावं, इलियासच्या घरी मुक्काम करावा आणि सकाळी त्याच्याबरोबर त्याच्या रांगेतून बेथलेहेमला यावं. ही अट मी परस्पर घातलेली नाही. इलियासला विचारलं. तो म्हणाला, "येऊ दे. फोन खिशात ठेवायला सांगा. आणि पासपोर्ट बघून सैनिक त्याला पुढे बोलावतील. परदेशी माणसांना बोलावतात."

सुबोध, तेव्हा पुढे जायचं नाही. गेलास तर कंपनी कायमची क्षमाची. कोण बघतंय, असं मनात आणू नकोस. इलियास तुझ्या मागेच उभा असेल.

हा मजकूर मी स्वतः वाचला, तो बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही करतो. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

(सही) गुणाजी काशीराम परुळेकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. उत्तरा सामंत, बोरिवली
२. (सही) केतन राऊत, गोराई

ठिकाण: बोरिवली, मुंबई
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५